गेट, रेलिंग आणि आजेसासूची बिडाची जाळी: अस्नोड्याकडच्या वेल्डिंग वर्कशॉपचा अनुभव

म्हापशाहून डिचोलीला जाताना अस्नोड्याच्या आसपास रस्त्याला लागून एक पत्र्याची शेड आहे, बाहेर अर्धवट झालेली गेटं भिंतीला टेकवलेली, एका कोपऱ्यात बार्जचा (खनिज वाहून नेणाऱ्या सपाट बोटीचा) जुना नांगर पडलेला, आणि आत सारखा निळा उजेड लुकलुकत असतो. नाव लिहीत नाही कारण मेस्त्रींनीच नको सांगितलंय, चवथीच्या तोंडावर आधीच एवढी कामं येतात की नवीन माणसाला नाही म्हणताना त्यांना वाईट वाटतं. पण मागच्या दोन वर्षांत मी त्यांच्याकडून बरीच कामं करून घेतली आणि जवळजवळ प्रत्येक कामाला त्यांनी वेगळं वेल्डिंग वापरलं, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. मला आधी वाटायचं वेल्डिंग म्हणजे वेल्डिंग, ठिणग्या उडाल्या, चिकटलं, झालं. तसं अजिबात नाही आणि ते न कळल्यामुळे आमचे चांगले पैसे पाण्यात गेलेत.

तर आधी ते सांगते. मिस्टर बोटीवर असतात, सहा सहा महिने घरी नाहीत, त्यामुळे घराची सगळी कामं माझ्याकडेच. शिवोलीच्या घराचं गेट आम्ही दुसऱ्या एका माणसाकडून करून घेतलं होतं, दिसायला एकदम झकास, काळा चकचकीत रंग, वर भाल्याची टोकं. पहिला पाऊस गेला, काही नाही. दुसऱ्या पावसानंतर प्रत्येक जोडावर रंगाचे फुगे आले आणि गेटाच्या खांबावर तांबडे ओघळ. तिसऱ्या वर्षी बिजागरीजवळची पट्टी हातातच आली. तेच गेट टेम्पोत घालून मी या वर्कशॉपला नेलं, मेस्त्रींनी एका जोडावर ग्राइंडर फिरवला आणि मला जवळ बोलावून दाखवलं. वेल्ड म्हणून जे दिसत होतं ती लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती! आत फक्त तीन-चार टाके मारलेले, मध्ये सगळी फट, त्या फटीतून पाणी पाइपात शिरलेलं आणि पाइप आतून कुजलेला. पाइप हलवला तर आत गंजाचा चुरा खुळखुळत होता. मला खरंच रडू आलं, कारण ते गेट मिस्टरांनी पहिल्या कॉन्ट्रॅक्टच्या पैशातून केलेलं.

मेस्त्री साठीच्या आसपासचे आहेत. त्यांनी दर सांगितला नाही आधी, प्रश्न विचारले. "बाय, हे लागणार कुठे? पावसाचं पाणी थेट मारतं की वर छप्पर आहे? खाडी किती लांब?" मी म्हटलं शापोऱ्याच्या पाण्यापासून अर्धा किलोमीटर पण नसेल. म्हणाले मग खारा वारा धरूनच काम करायला पाहिजे. मिठाचे कण लोखंडावर बसतात, हवेतलं दमट ओढून घेतात, आणि ऊन असलं तरी तिथे ओल टिकून राहते, म्हणून आमच्याकडे तेच लोखंड घाटावरच्यापेक्षा लवकर सडतं. गोव्यात पावसाळ्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात फट राहिलेला जोड म्हणजे पाण्यासाठी उघडं दार.

गेट नवीनच करायचं ठरलं आणि ते झालं साध्या आर्क वेल्डिंगनं, म्हणजे आपण सगळीकडे बघतो ते रॉडचं वेल्डिंग. त्याबद्दल मला जे कळलं ते असं की रॉडच्या आतली तार करंटनं वितळून जोडात भरते, आणि तिच्यावर जो राखाडी लेप असतो तो नुसता दिखाव्याचा नाही. तो जळताना त्याचा वायू होतो आणि वितळलेल्या लोखंडाला हवेपासून वाचवतो, उरलेला लेप वर काचेसारखा पापुद्रा होऊन बसतो, त्याला स्लॅग म्हणतात. मी बाजूला उभी होते (काळी काच हातात देऊनच उभं करतात, तशी परवानगी नाही). मेस्त्रींनी एक जोड पूर्ण केला, रॉड बाजूला घेतला, आणि मी बघतेय तर तो काळा पापुद्रा थंड होता होता एका टोकाकडून आपोआप उचलला जायला लागला, कडकड असा बारीक आवाज करत. त्यांनी छन्नीच्या हातोडीनं नुसतं टिचकी मारल्यासारखं केलं आणि पूर्ण पट्टी सुटून आली, खाली वेल्ड चमकत होता, अबोलीचा वळेसर घट्ट विणलेला असावा तशी एकसारखी वळणं. म्हणाले करंट बरोबर असला आणि हात एका वेगानं चालला तर स्लॅग असा सुटतो, ठोकून ठोकून काढावा लागला तर कुठेतरी चुकलंय. तेव्हापासून मी कुठेही गेट बघितलं की आधी जोड बघते.

रॉडचा नंबर पण विचारून घेतला मी. गेट, ग्रिल, शेडसाठी सगळीकडे ६०१३ चालतो. त्यातले पहिले दोन आकडे म्हणजे ताकद, ६० म्हणजे एका चौरस इंचाला साठ हजार पौंडांचा ताण सहन करेल एवढी, पुढचा १ म्हणजे आडवा उभा डोक्यावर कसाही वापरता येतो, आणि शेवटचे दोन मिळून लेप कसला आणि करंट कुठला ते सांगतात. आणि जाडी, बारीक पाइपाला अडीच मिलिमीटरचा, ज्याला ही मंडळी बारा नंबर म्हणतात, जाड अँगलला दहा नंबर. दोन मिलिमीटरच्या पाइपाला जाड रॉड आणि जास्त करंट लावला तर भोक पडतं, आणि मग ते भोक बुजवायला लांबी येते, माझ्या जुन्या गेटाचं तेच झालं असणार.

आता एक गोष्ट जी मला या वर्कशॉपात सगळ्यात आवडली. कोपऱ्यात एक जुना बंद पडलेला फ्रिज आहे, आत बल्ब सतत पेटता. मला वाटलं काहीतरी खायचं गरम ठेवतात. त्यात रॉड ठेवलेले! आपल्याकडे जूनपासून हवा एवढी दमट की पाकीट फोडलेला रॉड दोन दिवसांत ओल धरतो आणि ओल्या रॉडनं वेल्ड केलं की आत वायूचे बुडबुडे अडकतात, वरून जोड बरा दिसतो आणि आतून जाळीदार बोंडासारखा. ७०१८ म्हणून दुसरे रॉड असतात ते तर आणखी नाजूक, त्यांना बल्ब पुरत नाही, वेगळी भट्टी लागते आणि ओले झाले तर तीनशे डिग्रीच्या वर भाजून घ्यावे लागतात, कारण ओलीतला हायड्रोजन वेल्डात शिरला की काम झाल्यावर तासाभरानं किंवा दुसऱ्या दिवशी सुद्धा तडा जाऊ शकतो. ते रॉड पूल, बीम, बॉयलर, बोटी असल्या जोखमीच्या कामाला. मेस्त्रींना हे सगळं पाठ कारण ते आधी मांडवीकाठी बार्जच्या दुरुस्तीत होते. बार्जच्या तळाचे पत्रे खालून झोपून वेल्ड करायचे, वितळलेलं लोखंड अंगावर पडू न देता, त्यांच्या दोन्ही हातांवर बारीक पांढरे डाग आहेत त्याचे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, बार्जी किनाऱ्याला लागल्या, आणि मग त्यांनी ही शेड टाकली. डिचोली, सत्तरीत अशी किती घरं आहेत ज्यांचं त्या एका वर्षानं सगळं बदललं, आमच्या सासरच्या वाड्यावर तर प्रत्येकाच्या घरात एक ट्रकवाला होता.

गेटाचे सगळे जोड पूर्ण फिरवून वेल्ड केले, पाइपाची तोंडं टोप्या लावून बंद केली, खालच्या पाइपाला मात्र मुद्दाम दोन बारीक भोकं ठेवली, चुकून पाणी गेलंच तर बाहेर यावं म्हणून. मग वेल्ड घासून रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर रंग. दोन पावसाळे झाले, एकही फुगा नाही.

पाण्याच्या टाकीच्या स्टँडसाठी मी हट्टानं जीआय पाइप (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप) आणले, म्हटलं गंजायचा प्रश्नच नको. मेस्त्री म्हणाले आण, पण वेल्डच्या जागी जस्त राहणार नाही हे लक्षात ठेव. लोखंड वितळायला पंधराशेच्या वर डिग्री लागतात आणि जस्ताची नऊशेच्या जरा वर गेलं की वाफच होते, म्हणजे ज्या जोडाला संरक्षण सगळ्यात जास्त हवं तिथलंच उडून जातं. त्यांनी आधी जोडापाशी ग्राइंडरनं जस्त घासून काढलं, मग वेल्ड केलं आणि वरून जस्ताचा राखाडी प्राइमर मारला. आणि ते जस्ताचं पांढरं धुकं फार वाईट. त्यांच्याकडे कामाला असलेल्या एका मुलानं बंद खोलीत जीआयचं काम केलं, रात्री हुडहुडी भरून ताप, तोंडात धातूची चव, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उतरला. लोक म्हणतात दूध प्यायलं की काही होत नाही. दुधानं काही होत नाही हो, धूर फुप्फुसात जातो आणि दूध पोटात. मोकळी हवा, वाऱ्याच्या बाजूला उभं राहणं आणि नीट मास्क, एवढंच. घरी असलं काम काढलं तर मुलांना लांब ठेवा.

स्टीलच्या रेलिंगवर मला सगळ्यात जास्त लिहायचंय कारण यात गोव्यात भरपूर लोक फसतात. वरच्या गॅलरीला एसएसचं, म्हणजे स्टेनलेस स्टीलचं, रेलिंग करायचं होतं. एका ठिकाणी फारच कमी दर सांगितला, "मॅडम प्युअर स्टील, मॅग्नेट लावून बघा, चिकटणार नाही" असं म्हणून लोहचुंबक लावून दाखवला, खरंच चिकटला नाही. तो नमुन्याचा तुकडा मी मागून घेतला आणि मेस्त्रींना दाखवला. त्यांच्याकडे एक छोटी बाटली आहे, तिचा थेंब टाकून बॅटरीची तार टेकवली, थेंब थोड्या वेळात लाल झाला. म्हणाले हे २०२ ग्रेडचं स्टील. त्यात निकेल कमी घालून मँगनीज वाढवलेलं असतं, स्वस्त पडतं, आणि त्याला पण लोहचुंबक चिकटत नाही, त्यामुळे लोहचुंबकाची परीक्षा इथे उपयोगाची नाही. घरात, कोरड्या जागी चालून जाईल, पण समुद्राच्या वाऱ्यात वर्षभरात चहाचे डाग पडल्यासारखं होतं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, तो बरा. ३१६ मध्ये वर दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम, तो खाऱ्या हवेला सगळ्यात चांगला टिकतो आणि अर्थात महाग. आम्ही जिन्याला आतून ३०४ घेतला आणि बाहेरच्या गॅलरीला ३१६. थोडं जड गेलं पण एकदाच करायचं होतं.

हे काम आर्गननं केलं. बाजारात आर्गन वेल्डिंग म्हणतात तेच टिग वेल्डिंग. यात रॉड जळत नाही, टंगस्टनची सुई असते, ती साडेतीन हजाराच्या आसपास डिग्रीला वितळते म्हणून ती तशीच राहते आणि तिच्या टोकातून नुसती विजेची ज्वाळा, भोवती आर्गन वायू, निळा सिलिंडर असतो त्याचा. मेस्त्रींचा मुलगा हे काम करतो. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात बारीक तार, निरांजनात तूप घालावं तसं थेंब थेंब सोडत जातो. ठिणगी नाही, धूर जवळजवळ नाही, आवाज पण बारीक. फार हळू काम, एका जोडाला जेवढा वेळ लागला तेवढ्यात रॉडनं चार जोड झाले असते, म्हणून आर्गनचा दर जास्त आणि तो रास्त आहे. ३०४ ला ३०८ एलची तार आणि ३१६ ला ३१६ एलची, आणि स्टीलचा पाया साध्या लोखंडाच्या प्लेटला जोडायचा होता तिथे ३०९ एल. साध्या लोखंडाच्या रॉडनं स्टील जोडलं तर चिकटतं हो, पण तो जोड पहिल्या पावसात तांबडा.

आणि वेल्ड झाल्यावर जोडाच्या बाजूला सोनेरी निळी छटा येते ना, मला ती छान वाटली होती, मोरपिसासारखी. मुलगा म्हणाला ताई ही ठेवायची नाही. उष्णतेनं तिथल्या पृष्ठभागावरचं क्रोमियम जळून कमी झालेलं असतं, आणि क्रोमियमचा अदृश्य थर हेच तर स्टील न गंजण्याचं कारण, म्हणून ती छटा काढावीच लागते. त्यांनी पिकलिंग पेस्ट लावली, हातात जाड मोजे घालून कारण त्यात जबर अ‍ॅसिड असतं, आणि भरपूर पाण्यानं धुतलं. स्टीलसाठी वायर ब्रश आणि ग्राइंडरची चकती वेगळी ठेवलेली आहे, त्यावर लाल रंगानं खूण. लोखंडावर वापरलेली चकती स्टीलवर फिरवली तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि तेच आधी गंजतात, मग आपण म्हणतो स्टील गंजलं. हे एवढं बारीक पाळणारं वर्कशॉप मी दुसरं बघितलं नाही.

दिराच्या व्हॅनचा तळ सडला होता, समुद्रावरून मासळी आणतात तीत, बर्फाचं खारं पाणी आत सांडून सांडून पत्रा गळून गेला. ते काम सीओटूनं, म्हणजे मिग वेल्डिंगनं. बंदुकीसारखी टॉर्च, तिच्यातून तांब्याचा मुलामा असलेली बारीक तार आपोआप बाहेर येत राहते आणि तोंडातून कार्बन डाय ऑक्साइड. रॉड बदलायला थांबायला नको, स्लॅग ठोकायला नको, आणि गाडीचा पातळ पत्रा भोक न पडता जुळतो, म्हणून गॅरेजवाले, फर्निचरवाले, मोठे फॅब्रिकेटर सगळे हेच वापरतात. एकच अडचण की वारा लागला की वायू उडून जातो आणि जोडात बुडबुडे, म्हणून मे महिन्याच्या त्या उकाड्यात त्यांनी शेडमधले सगळे पंखे बंद केले आणि दोन तास घाम गाळत काम केलं. आधी व्हॅनच्या बॅटरीची तार काढली, नाहीतर इलेक्ट्रॉनिक्स उडू शकतं, हे तुमच्या गॅरेजवाल्याला पण सांगा. कारखान्यात मात्र गाडीचे पत्रे बहुतेक करून स्पॉट वेल्डिंगनं जोडतात, दोन बाजूंनी तांब्याची टोकं दाबायची, क्षणभर करंट सोडायचा, तेवढ्याच टिकलीएवढ्या जागेत पत्रे एकजीव. गाडीच्या दाराचं रबर जरा ओढून बघा, खाली ओळीनं गोल खळगे दिसतील, तेच ते. एका गाडीत असे हजारो असतात.

भाच्याच्या मोटारसायकलच्या इंजिनचं अ‍ॅल्युमिनियमचं कव्हर फुटलं होतं ते पण मुलानं आर्गननं केलं, पण मशिनवर एसी करंट (सतत दिशा बदलणारा) लावून. अ‍ॅल्युमिनियमवर एक ऑक्साइडची साय असते, ती दोन हजार डिग्रीच्या वर वितळते आणि खालचं अ‍ॅल्युमिनियम ६६० ला, तर ती साय फोडायला एसी लागतो. शिवाय लोखंड तापलं की लाल होतं, आपल्याला कळतं, अ‍ॅल्युमिनियम रंग न बदलताच अचानक बसतं. तेल मुरलेलं असल्यामुळे पहिल्यांदा काळे बुडबुडे आले, परत घासलं, परत केलं. ठीक झालंय, सुंदर नाही झालं, पण गळत नाही.

आता ज्यासाठी खरं म्हणजे लिहायला बसले ते. डिचोलीच्या जुन्या घराच्या राजांगणाकडच्या पडवीला बिडाची (ओतीव लोखंडाची) जाळी आहे, वेलबुट्टीची, आजेसासूबाई तिला टेकून अळू चिरायच्या, माझं लग्न झालं तेव्हा त्या होत्या. रंगकाम करताना एका पोरानं एक तुकडा काढून भिंतीला उभा केला आणि तो पडला. दोन तुकडे, आणि एका तुकड्यात मध्येच तडा. दोन ठिकाणी विचारलं, एकानं सांगितलं आत्ता जोडून देतो आणि सरळ साध्या रॉडनं चिकटवायला निघाला, नशीब माझे मिस्टर तेव्हा घरी होते त्यांनी थांबवलं. दुसऱ्यानं सांगितलं फेकून द्या, लोखंडाचं नवीन करा.

मेस्त्रींनी तो तुकडा हातात घेतला, बोटानं वाजवला, ठक्क असा बसका आवाज. मग मागच्या बाजूला ग्राइंडर जेमतेम टेकवला, ठिणग्या आखूड आणि लालसर, लोखंडाच्या असतात तशा लांब पिवळ्या नाहीत. म्हणाले बीड. साध्या लोखंडात कार्बन पाव टक्क्याच्या आत, बिडात दोन ते चार टक्के. म्हणून ते ओतायला सोपं, वेलबुट्टी उठते, पण वाकत नाही, तुटतं. वेल्डची आच एका जागी लागली की तेवढंच फुगतं, थंड होताना आकसतं, आणि बीड ताणाला दाद देत नाही, शेजारीच नवीन तडा. शिवाय जोडाची कड काचेसारखी कडक होऊन बसते.

त्यांनी आठ दिवस मागितले आणि मी दोन वेळा बघायला गेले. पहिल्यांदा त्यांनी तड्याच्या शेवटी बारीक ड्रिलनं भोक पाडलं, तडा पुढे पळू नये म्हणून, मग पूर्ण तड्यावर ग्राइंडरनं खोल खाच केली. मग पूर्ण तुकडा विटांवर ठेवून गॅसच्या टॉर्चनं हळूहळू सगळीकडून शेकला, एका जागी नाही, भाकरी फिरवतो तसा टॉर्च फिरवत. मग निकेलचा रॉड, तो फार महाग असतो, निकेल मऊ राहतं आणि बिडाच्या आकसण्याला साथ देतं. आणि वेल्ड किती, एक इंच! एक इंच झालं की लगेच गोल तोंडाच्या हातोडीनं टकटक टकटक, गरम असतानाच, म्हणजे वेल्ड पसरतो आणि ताण निघून जातो. मग थांबायचं. मग दुसऱ्या टोकाला एक इंच. परत टकटक. मी तासभर उभी होते, एकदा शेडमध्ये कुठूनतरी टिंग असा आवाज आला आणि मेस्त्रींचा हात जागच्या जागी थांबला, कान देऊन उभे राहिले, मग म्हणाले नाही आपला नाही, पत्रा तापला. बिडाचा तडा असा आवाज करून जातो म्हणे. शेवटी तो तुकडा एका पिंपात गरम राखेत पुरून रात्रभर ठेवला, जितकं हळू थंड होईल तितकं बरं.

आता जाळी परत जागेवर बसलीय. जोड रंगाखाली जवळ जाऊन बोट फिरवल्याशिवाय कळत नाही, फक्त एका पानाची शीर जरा जाड झालीय. सासूबाईंनी बोट फिरवून ती जागा शोधून काढली आणि काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी मेस्त्रींसाठी डब्यात पातोळ्या दिल्या.

सगळंच ते करतात असं नाही. देवघरातली पितळेची समई मधून मोडली होती ती पण मी नेली होती, ती त्यांनी परत दिली. पितळेत जस्त असतं, वेल्डिंगची आच दिली तर जस्त उडून जाईल आणि जागा भोकांची होईल, त्यापेक्षा चांदीच्या मिश्रणाचं ब्रेझिंग करणाऱ्याकडे ने, त्यात मूळ धातू वितळतच नाही, नुसतं मधलं भरण वितळून फटीत ओढलं जातं. एअर कंडिशनरच्या तांब्याच्या नळ्या जोडतात ते हेच. हे काम माझं नाही म्हणून सांगणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो.

आता जे आवडलं नाही ते पण लिहिते. सांगितलेल्या तारखेला काम मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, माझं गेट तीन आठवडे उशिरा आलं आणि तोपर्यंत दाराला पोफळीच्या पट्ट्या बांधून ठेवल्या होत्या, गुरं आत. फोन उचलत नाहीत, हातात होल्डर असतो हे मान्य, पण मिस कॉल बघून संध्याकाळी तरी करावा. रंगाचं काम त्यांचं साधारण आहे, वेल्डिंग एवढं सुंदर करून वर ब्रशचे ओघळ ठेवतात, मी दुसऱ्यांदा रंग स्वतः आमच्या पेंटरकडून करून घेतला. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, मागितलं की व्यवस्थित देतात, धातूचा ग्रेड लिहून, तर मागाच.

आणि एक, मुलांना घेऊन जाऊ नका. वेल्डिंगच्या उजेडात अतिनील किरण असतात, नुसतं बघितलं तर त्या वेळी काही वाटत नाही, पाच-सहा तासांनी रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं, पाणी येतं, उघडत नाहीत. माझ्या पुतण्याचं झालंय, दुसऱ्या एका ठिकाणी ग्रिल बसवताना बघत उभा होता. गॉगलनं काही होत नाही, दहा-अकरा नंबरची काळी काच लागते. मेस्त्री रस्त्याच्या बाजूला ताडपत्रीचा पडदा सोडतात काम करताना, शाळेची पोरं जातात तिथून म्हणून, हे मला फार चांगलं वाटलं.

जायचं असेल तर सकाळी नवाच्या आत जा, तेव्हा मेस्त्री चहा घेत बसलेले असतात आणि बोलायला वेळ असतो. सोबत मोडलेली वस्तू किंवा फोटो न्या आणि ती कुठे बसणार ते सांगा. पावसाची शेड, गेट असं काही करायचं असेल तर मार्चच्या आत सांगून ठेवा, मेमध्ये अख्खं बार्देश आणि डिचोली त्यांच्या दारात असतं. माझं पुढचं काम विहिरीवरच्या जाळीचं आहे, माप देऊन आलेय, त्यांनी सांगितलंय पाडव्यानंतर.